मेथी सेंद्रिय आहे, हे कळतं कसं?

रविवारी सकाळी आमच्या भागातल्या आठवडे बाजारात मेथीच्या ढिगाशेजारी पुठ्ठ्याची पाटी होती. स्केचपेननं लिहिलेली: ‘सेंद्रीय मेथी’. जुडी हातात घेऊन मी विचारलं, “युरिया नाही ना टाकत?”

“मूठभर टाकावाच लागतो ओ ताई, नायतर पिवळी पडती. पण फवारणी एक नाय बघा.”

शेजारच्या काकूंनी जुडी खाली ठेवली आणि चालू लागल्या. मी मात्र घेतली. पुण्यात गेली काही वर्षं सेंद्रिय भाजीच्या मागे हिंडून एक गोष्ट मला कळली आहे. तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचा आणि काकूंचा ‘सेंद्रिय’ हा शब्द वेगळा होता, इतकंच.

शेतकऱ्याच्या तोंडी ‘सेंद्रिय’ बहुतेक वेळा खतासोबत येतं: शेणखत, लेंडीखत, गांडूळखत म्हणजे सेंद्रिय खत. शेणखत घातलं की त्याच्या लेखी माल सेंद्रिय झाला. शहरातल्या गिऱ्हाइकाला त्याच शब्दातून ‘विष नाही’ असं ऐकू येतं. कायद्यात याचा तिसराच अर्थ आहे. त्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने २,४८१ कोटी रुपयांच्या नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली, तेव्हापासून पाट्यांवर ‘नैसर्गिक’ हाही शब्द जास्त दिसू लागला आहे. शिवाय विषमुक्त, रसायनमुक्त, रेसिड्यू-फ्री, गावरान आहेतच. काकूंनी तरी काय करायचं?

पाटीवरचे शब्द

आधी कायद्यातलं सेंद्रिय. बी पेरल्यापासून माल पोत्यात भरेपर्यंत रासायनिक खत नाही, रासायनिक कीडनाशक नाही, तणनाशक नाही, जनुकीय बदल केलेलं बियाणं नाही. आणि हे एका हंगामापुरतं चालत नाही. हंगामी पिकाची जमीन साधारण दोन वर्षं, फळबागेसारखी बहुवार्षिक असेल तर तीन वर्षं अशी सांभाळली, की मग तिच्यातला माल सेंद्रिय. मधल्या काळाला रूपांतर काळ म्हणतात. शेतकऱ्याची खरी कसोटी इथेच लागते, कारण उत्पादन घटतं आणि भाव मात्र साध्या मालाचाच मिळतो.

नैसर्गिक शेती ही त्याच घरातली दुसरी वाट. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ती देशभर नेली. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. बाहेरून काही विकत आणायचंच नाही, हा तिचा आग्रह. जीवामृत हे तिचं मुख्य साधन: एकरासाठी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, थोडा गूळ, थोडं बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून दोनतीन दिवस आंबवायचं. हे खत कमी आणि विरजण जास्त. जमिनीतले जिवाणू वाढावेत यासाठी घातलेलं.

रेसिड्यू-फ्रीचा अर्थ अगदी वेगळा. इथे औषधं मारलेली असतात, पण काढणीआधी ठरावीक दिवस फवारणी थांबवलेली असते, म्हणून मालात उतरलेला अंश मर्यादेच्या आत राहतो. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना हे तोंडपाठ आहे. २०१० मध्ये वाढ रोखणाऱ्या एका रसायनाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, तो धक्का ते विसरलेले नाहीत. रेसिड्यू-फ्री ही प्रामाणिक गोष्ट असू शकते, फक्त ती सेंद्रिय नव्हे.

गावरान म्हणजे वाण देशी. त्यावर काय फवारलं, हे तो शब्द सांगत नाही.

गुळाचं उदाहरण घेतलं की हा गोंधळ लख्ख दिसतो. बाजारातला पिवळाधमक गूळ अनेकदा हायड्रॉस पावडर घालून उजळवलेला असतो. काही गुऱ्हाळांत रस निवळायला पूर्वीसारखी रानभेंडी वापरतात आणि पावडर टाळतात. तो गूळ तांबूस-तपकिरी होतो आणि ‘केमिकल-फ्री’ म्हणून दुप्पट भावाने विकला जातो. कढईत केमिकल नव्हतं, हे खरं. पण उसाला युरियाची किती पोती पडली, याबद्दल ती चिठ्ठी गप्प आहे. कढई सेंद्रिय असली म्हणून ऊस सेंद्रिय होत नाही.

सोवळ्यातला स्वयंपाक

पुरणपोळी खाऊन ती सोवळ्यात केली होती की नाही, हे सांगता येईल का? चव तीच, रंग तोच. सोवळं पोळीत नसतं, ते पोळी करण्याच्या पद्धतीत असतं. (सोवळ्याचं समर्थन म्हणून हे सांगत नाही. त्या शब्दाने आपल्याकडे पुरेसं नुकसान केलं आहे. पण उदाहरण चपखल आहे.) सेंद्रियचंही असंच आहे. मेथीची जुडी नाकाला लावून, पान चावून, उजेडात धरून ती सेंद्रिय आहे का हे ठरत नाही. कशी वाढवली, हे कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं.

मग प्रयोगशाळेत का नाही तपासत? तपासतात, पण तिथून अर्धंच उत्तर मिळतं. कीडनाशकाचा अंश सापडतो. भारतात जिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे शंभर टन भाजीत एक ग्रॅम. इतकं बारीक मोजणारी यंत्रं आहेत, पण एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात आणि मेथीची जुडी वीस-तीस रुपयांची असते. युरियाचं तर आणखी अवघड. शेणखत असो की युरिया, मुळं नत्र घेतात ते बहुतांशी त्याच रूपात. मेथीच्या पानात पोचलेलं नत्र गोठ्यातून आलं की कारखान्यातून, हे नेहमीच्या तपासणीत कळत नाही. म्हणून जगभर सगळीकडे सेंद्रियचं प्रमाणपत्र मालापेक्षा पद्धतीला देतात.

बाहेरचा परीक्षक आणि भिशी

हे प्रमाणपत्र आपल्याकडे दोन रस्त्यांनी मिळतं.

पहिला रस्ता २००१ पासूनचा. त्याचं नाव एनपीओपी, म्हणजे सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम. तो केंद्राच्या वाणिज्य खात्याकडे आहे, कारण मूळ हेतू निर्यातीचा. यात मान्यताप्राप्त संस्थेचा निरीक्षक शेतावर येतो, नोंदवह्या तपासतो, शंका आली तर नमुना घेतो. बोर्डाच्या परीक्षेला बाहेरचा परीक्षक येतो तसं. खर्च आणि कागदपत्रं दोन्ही भरपूर, त्यामुळे एकटा लहान शेतकरी सहसा या वाटेला जात नाही. गट करून जातो.

दुसरा रस्ता कृषी खात्याचा, २०११ पासूनचा: पीजीएस, म्हणजे सहभागातून हमी. एका परिसरातले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. ही सरळसरळ भिशी आहे. भिशीत पावती नसली तरी पैसे बुडत नाहीत, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचं घर माहीत असतं. तसं शेजाऱ्याने रात्री फवारणीचा पंप पाठीवर घेतला तर बांधावरच्याला वास येतोच. रूपांतर काळातल्या मालाला ‘पीजीएस ग्रीन’ म्हणतात आणि काळ पूर्ण झाला की ‘पीजीएस ऑरगॅनिक’. भिशी बुडतेही, हे आपल्याला ठाऊक आहे. अनुदान आहे तोवर गट आणि नंतर फक्त फलक, असंही होतं. तरी शहरातल्या जवळच्या बाजारासाठी मला हीच पद्धत जास्त भावते. बाहेरचा निरीक्षक वर्षातून एखाद्या वेळी येतो, शेजारी तीनशे पासष्ट दिवस असतो.

या दोन्हींवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं म्हणजे एफएसएसएआयचं छत्र आहे. त्यांचे सेंद्रिय अन्नाचे नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहेत. दुकानातल्या पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहायचं तर सरकारमान्य सेंद्रिय चिन्ह (२०१८ च्या नियमांत ते ‘जैविक भारत’ होतं) आणि १४ आकडी परवाना क्रमांक हवा. पाकीट उलटून एवढं पाहायला दहा सेकंद पुरतात. हिरवं पान, शेतकऱ्याचं हसरं चित्र आणि ‘निसर्गाच्या कुशीतून’ अशी ओळ असेल पण यातलं काही नसेल, तर आपण पैसे चित्रकाराला देतो आहोत.

कागद नसेल तर चोर?

अजिबात नाही. लहान शेतकरी किंवा त्यांचा गट स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकत असेल, तर त्याच नियमांनी प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. आठवडे बाजारातल्या कुणाकडे कागद नाही म्हणून लगेच भुवया उंचावू नयेत. सूट देण्यामागचा हिशेब साधा आहे: घेणारा आणि पिकवणारा समोरासमोर आहेत, तर घेणाऱ्यानेच विचारावं.

इथे जवळून आलेल्या मालाचा खरा फायदा होतो. मावळ, मुळशी, भोर, पुरंदरचा माणूस दर आठवड्याला भेटतो आणि मनात आलं तर आपण त्याच्या शेतावर जाऊ शकतो. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, म्हणजे तो समितीबाहेरही विकता येऊ लागला, आणि पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, तेव्हापासून ही भेट सोपी झाली. त्याआधी बहुतेक भाजी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून फिरून यायची आणि तिथे कुणाची मेथी कुणाच्या पोत्यात जाते, हे देवालाही कळलं नसतं.

विचारायचं काय? “सेंद्रिय आहे का?” असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. मी विचारते, “तण कसं काढता?” हा प्रश्न मला एका जुन्नरच्या बाईंनी शिकवला. त्या म्हणाल्या, “खताचं कुणी पन खोटं सांगंल, पन खुरपायला बाया किती लागल्या ते खोटं सांगाया येत नाय. तोंडात आकडा येतोच.” ज्याच्या शेतात खुरपणी होते तो मजुरीबद्दल तक्रार करायला लागतो आणि थांबत नाही. ज्याच्याकडे तणनाशक आहे तो विषय बदलतो.

दुसरा प्रश्न किडीचा: “वांग्याला अळी लागली की काय मारता?” दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क, आंबट ताक, कामगंध सापळे (वासाने नर पतंगांना भुलवून पकडणारे) अशी उत्तरं आली तर ठीक. “आमच्याकडे अळी लागतच नाही” असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून पुढे जावं. वांग्याची शेंडा आणि फळ पोखरणारी अळी कुणालाच सोडत नाही.

तिसरी खूण विचारायची नाही, पाहायची: त्याच्याकडे काय नाही? खऱ्या लहान शेतकऱ्याच्या टोपलीत जूनमध्ये पांढराशुभ्र फ्लॉवर, मटार आणि ढोबळी मिरची एकदम नसते. बारा महिने सगळं मिळत असेल तर माल यार्डातून उचललेला आहे आणि पाटी तेवढी घरची.

मग जवळची भाजी आपोआप चांगली?

मुंबईकरांनी लोकलच्या खिडकीतून याचं उत्तर रोज पाहिलं आहे. रुळांच्या कडेला वर्षानुवर्षं हिरवेगार वाफे असायचे: पालक, लाल माठ, मुळा, भेंडी. त्याहून जवळची भाजी मुंबईत मिळाली नसती. पण शेजारच्या नाल्याचं पाणी त्या पालकाला घातलेलं अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुण्याच्या खाली मुळा-मुठेचं पाणी ज्या शेतांना जातं, तिथेही हाच प्रश्न आहे. सांडपाण्यातले जड धातू पालेभाजीत उतरतात आणि त्यांना सेंद्रिय-रासायनिक कळत नाही.

भौगोलिक मानांकनाचंही असंच. हापूस, जळगावचं भरीताचं वांगं, पुरंदरचं अंजीर, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ यांचं मानांकन मूळगाव सांगतं. फवारणीबद्दल त्यात काही नसतं. ‘जवळचं’ आणि ‘सेंद्रिय’ ही दोन वेगळी चाकं आहेत. दोन्ही असली तर गाडी छान चालते.

“भोकं पडलेली भाजी सेंद्रिय”

ही समजूत काही विक्रेत्यांनी इतकी मनावर घेतली आहे की किडका माल वेगळा काढून जास्त भावाने विकताना मी पाहिलं आहे. भोक एवढंच सांगतं, की अळी आली होती. फवारणी त्याआधी, त्यानंतर किंवा चुकीची झालेली असू शकते.

“धुतलं की जातं” हेही अर्धं खरं. कीडनाशकं ढोबळमानाने दोन प्रकारची. स्पर्शजन्य औषध पानावर बसतं. ते वाहत्या पाण्याने बरंचसं निघतं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनतं, मुळापासून शेंड्यापर्यंत फिरतं. त्यावर मिठाचं पाणी, व्हिनेगर, बाजारातलं भाजी धुण्याचं महागडं द्रावण यातलं काही फारसं चालत नाही. तरीही धुवावंच. सेंद्रिय भाजी तर जास्त नीट धुवावी, कारण तिच्या वाफ्यात शेण आहे आणि कोथिंबीर आपण कच्ची खातो.

आणि सेंद्रियमध्ये फवारणी नसते, हाही गैरसमज. असते, फक्त औषधं वेगळी. मर्यादेत बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशकसुद्धा चालतं, त्यात मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार असतो.

एवढा पैसा घालून मिळतं काय?

‘सेंद्रिय म्हणजे जास्त पौष्टिक’ हे मी छातीठोकपणे लिहिणार नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जीवनसत्त्वांत फारसा फरक सापडला नाही. कीडनाशकांचे अंश मात्र सेंद्रियमध्ये कमी आढळले. २०१४ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलच्या गटाला अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा जड धातू कमी दिसला. वाद मिटलेला नाही. अंश कमी, याबद्दल मात्र दोघांचं जुळतं.

माझ्यासाठी दुसरं कारण मोठं आहे: पाठीवर पंप घेऊन फवारणारा माणूस. आपल्या ताटात अंश येतो, त्याच्या अंगावर तुषार येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ती बातमी वाचल्यावर ‘अंश मर्यादेत आहे ना’ हा प्रश्न मला अपुरा वाटायला लागला.

महाग का, याचं उत्तर वर येऊन गेलं: खुरपणीची मजुरी, रूपांतर काळातली घट, थोडा माल आणि त्यासाठी अख्खा टेम्पो. यात दलालीही आहेच. मॉलमधल्या एसीचं बिलही तुमच्या पालकाच्या जुडीत असतं.

सगळं सेंद्रिय घेणं बहुतेकांना परवडत नाही, मलाही नाही. म्हणून मी पैसे जिथे फवारणी जास्त तिथे घालते: द्राक्षं, फ्लॉवर, कोबी, वांगी, भेंडी, टोमॅटो, मिरची. ज्वारी, नाचणी, वरी, सुरण, अळकुड्या, शेवगा, नारळ हे साधं घेतलं तरी झोप लागते. मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते आणि तिला सहसा फार औषध लागत नाही. पावसाळ्यातल्या रानभाज्या तर कुणी पेरलेल्याच नसतात. शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कर्टोली यांना कुठलं प्रमाणपत्र? आदिवासी बायका पहाटेच्या गाडीने घेऊन येतात. रस्त्याकडेच्या नाहीत ना, डोंगरातल्या आहेत ना, एवढं विचारावं. आणि शेवळं घेतली तर सोबत काकडं ही आंबट फळं मागून घ्यावीत, नाहीतर घसा खवखवतो आणि दोष भाजीला जातो.

ऋतूप्रमाणे खाल्लं की निम्मा प्रश्न सुटतो, कारण हंगामात आलेल्या पिकाला औषध कमी लागतं. डिसेंबरात हरभऱ्याचा कोवळा पाला येतो. तो खुडतानाच हाताला आंबट लागतो. लसणाची फोडणी, थोडं डाळीचं पीठ, वर कच्चं तेल आणि भाकरी. चाकवत ताकातली. भोगीला मिसळीची भाजी करायला ज्या गोष्टी लागतात, त्या सगळ्या त्या आठवड्यात एकाच टोपलीत सापडतात. ते काही योगायोगाने ठरलेलं नाही.

आणि मग सोंडे

नवशिक्यांचा हिरमोड इथे होतो. हौसेने दहा किलो इंद्रायणी तांदूळ आणि पाच किलो तूरडाळ आणतात. महिन्याभरात डब्यात सोंडे फिरायला लागतात, की “सेंद्रिय नको रे बाबा” सुरू. गोदामातल्या साध्या धान्याला विषारी धुरी दिलेली असते, म्हणून त्याला कीड उशिरा लागते. सेंद्रिय धान्याला ती धुरी चालत नाही. अंडी अनेकदा धान्यासोबतच आलेली असतात आणि डबा उबदार असला की फुटतात.

उपाय आजीच्या घरातलेच. आणल्यावर कडक ऊन द्यायचं, पूर्ण गार झाल्यावरच भरायचं. तूरडाळीला एरंडेल चोळायचं, किलोला चमचाभर पुरतं. शिजवण्याआधी दोनदा धुतलं की वास जातो. तांदळात सुकवलेला कडुनिंबाचा पाला. जागा असेल तर रवा-पीठ चार दिवस डीप फ्रीजरमध्ये. पॉलिश न केलेली डाळ तासभर भिजवली नाही तर कुकरची एक शिट्टी जास्त लागते, हेही आधीच सांगितलेलं बरं.

आमच्या सोसायटीत आता पाच घरं मिळून जानेवारीत मावळातून तांदळाचं पोतं आणतो. शेतकरी सुगीनंतर फोन करतो आणि टेम्पो खाली उभा राहतो. पार्किंगमध्ये वजनकाटा, आपापले डबे आणि दर वर्षी तोच वाद: तळाशी उरलेली कणी कुणी घ्यायची. यंदा ती आमच्याकडे आली आहे. संध्याकाळी कण्यांची पेज करायची, सोबत मेतकूट आणि लोणच्याचा खार.